चौथीतला मुलगा चावतो, दप्तर भिरकावतो. काय करावं?

प्रश्न (शिक्षिका, जत तालुका):
आईवडील ऊसतोडीला गेलेत, पोरगा आजीजवळ राहतो. गणिताचा तास लागला की भडकतो. काल त्यानं फेकलेली पट्टी एका मुलीच्या कपाळाला लागली. तिचे पालक म्हणतात, त्याचं नाव काढा. मला तो वर्गात हवाय. पण बाकीची लेकरंही माझीच आहेत हो.

उत्तर १:
बाई, नाव काढता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६. मारायचंही नाही, कलम १७.

उत्तर २ (मिरज):
एक वही करा. भडकण्याआधी नेमकं काय घडलं, त्यानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं, एवढंच लिहायचं. वर्गाबाहेर काढल्यावर गणिताचा तास टळत असेल, तर ती त्याला शिक्षा नव्हे, सुटका आहे! माझ्याकडच्या मुलाला फळाच दिसत नव्हता, हे वहीमुळे कळलं. मुलांची आरोग्य तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना मुलगा आवर्जून दाखवा. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनाही बोलवा.

प्रश्नकर्ती:
खरंय, मी त्याला व्हरांड्यातच बसवते. उद्यापासून वही सुरू. आजीकडेही जाऊन येते. त्या मुलीच्या आईशी कसं बोलू, तेवढं कुणीतरी सांगा.