मदत हवी आहे: टी-आरएनएमधला दडलेला १५वा ग्वानिन एन्झाइमला सापडतो कसा?

मृण्मयी_बडोदे
नमस्कार मंडळी. मी बडोद्याला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि एका जागी पार अडकले आहे. विषय उष्णताप्रेमी आर्कियांचा, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या एकपेशीय जीवांचा. गोध्र्याजवळ टुव्याची गरम पाण्याची कुंडं लहानपणापासून पाहिलेली, म्हणून मीच तो मागून घेतला.

या जीवांत आर्कटीजीटी नावाचं एन्झाइम टी-आरएनएच्या (प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) १५व्या जागेवरचा ग्वानिन हा बेस, म्हणजे साखळीतलं एक 'अक्षर', काढून तिथे प्रीक्यू-झीरो हा बेस बसवतं. पुढे दुसरी एन्झाइमं त्याचं आर्किओसिन करतात. साखर-फॉस्फेटची साखळी तुटत नाही, फक्त बेस बदलतो. इथवर कळलं.

पण एल आकाराच्या टी-आरएनएत हा १५वा ग्वानिन (जी-१५) कोपराच्या आत असतो, ४८व्या सायटोसिनशी (सी-४८) जोडी जमवून. पायरोकॉकस होरिकोशी या आर्कियाच्या आर्कटीजीटीची टी-आरएनएसह रचना २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत टी-आरएनएची डी-भुजा (१५वा बेस असलेला फाटा) चक्क उलगडलेली दिसते, त्याला लॅम्डा रूप म्हणतात. घडीच मोडल्यावर पंधरावा कोणता हे एन्झाइम ओळखतं कशावरून? आणि हा जीव ९८ अंशांना सर्वांत जोमाने वाढतो, तर टी-आरएनए उष्णतेनेच उघडतो आणि एन्झाइमला तो आयता मिळतो, असं म्हणायचं का?

जुना_प्रयोगशाळावाला
मृण्मयी, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. सगळी घडी मोडत नाही. उलगडते ती डी-भुजा. ॲक्सेप्टर स्टेम (ज्याच्या टोकाला अमिनो आम्ल जोडलं जातं तो दांडा) दुपदरीच राहतो. एन्झाइमच्या शेवटाकडचा पीयूए भाग टी-आरएनएचं एसीसीए टोक (ए-सी-सी-ए या चार बेसांनी संपणारं) पकडतो. ते टोक पक्कं बसलं की सुटी झालेली डी-भुजा एन्झाइमच्या उत्प्रेरक खाचेपर्यंत (जिथे बेस बदलला जातो तिथे) पोचते आणि १५वा बेस नेमका तिथे येतो. म्हणजे ओळख कोपराच्या आकारावरून नाही, टोकापासूनच्या जागेवरून. डी-भुजेतले काही बेस व्हेरिएबल लूपशी (टी-आरएनएगणिक लांबी बदलणारा वळसा) नव्याने जोड्या जमवतात, त्यामुळे उलगडलेलं रूपही लोंबकळत नाही.

उष्णतेला श्रेय देण्याची घाई करू नकोस. ते स्फटिक काही ९८ अंशांवर वाढवलेले नव्हते, तरी एन्झाइमच्या पकडीत लॅम्डा रूप टिकलेलं दिसतं. शिवाय थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम घे. तो साठच्या आत-बाहेर राहणारा जीव. त्याचं हेच एन्झाइम ल्युसिनच्या टी-आरएनएत १३ आणि १५ अशा दोन्ही जागा बदलतं. म्हणजे जागेचा हिशेब सगळीकडे सारखा काटेकोर नाही. हे सेमिनारमध्ये तू स्वतःहून सांग, कोणीतरी विचारणारच.

मृण्मयी_बडोदे
काका, मनापासून आभार! एसीसीए टोकाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मग आर्किओसिनचा उष्णतेशी संबंध आहे तरी का?

सुजाता_रसायन
आहे गं, पण तो नंतरचा. एन्झाइमने सोडल्यावर टी-आरएनए पुन्हा एल आकारात मिटतो, तेव्हा आर्किओसिनवरचा धनप्रभार कामाला येतो. कोपरात फॉस्फेटांचा ऋणप्रभार दाटलेला असतो, तो या धनप्रभाराने सावरला जातो आणि १५–४८ची जोडी अधिक घट्ट बसते. थर्मोकॉकस कोडाकरेन्सिस या उष्णताप्रेमी आर्कियामध्ये आर्कटीजीटीचं जनुक काढून पाहिलंय: जनुक काढलेला जीव कमी तापमानाला वाढतो, ९३ अंशांना मात्र वाढत नाही. मला तरी हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

दुसरी बाजूही दाखव. मृत समुद्रातल्या हॅलोफेरॅक्स व्होल्केनीतही आर्किओसिन असतं, आणि तिथे हेच जनुक काढलं तरी तो जगतो. तेव्हा 'आर्किओसिन फक्त उष्णतेसाठी' असं वाक्य स्लाइडवर लिहू नकोस.

जुना_प्रयोगशाळावाला
सुजाताताईंशी सहमत. प्रोटीन डेटा बँकेतून (प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह) १जे२बी ही २००३ची रचना उतरवून घे. साध्या एल आकाराचा टी-आरएनए शेजारी ठेव आणि दोन्हींत फक्त जी-१५ लाल कर. तुझा अर्धा सेमिनार त्या एका चित्रात होईल.

मृण्मयी_बडोदे
उतरवली! लाल ठिपका खरंच खाचेत दिसतोय. बडोद्यातलं कोणी रविवारी तालीम ऐकायला मोकळं असेल तर इथेच कळवा. वीस मिनिटं लागतील, आणि शंका काढणारे हवेच आहेत.