पुण्यात जुन्या स्टेशन वॅगन अजून कुठे दिसतात? आणि लांबून ओळखायच्या कशा?

धागाकर्ता: पेठेतला_पाहुणा

नमस्कार मंडळी,

परवा मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागाबाहेर टेम्पोंच्या रांगेत एक लांबलचक पांढरी गाडी उभी होती. नंबर एमएच-१२, मागे 'टाटा इस्टेट' अशी अक्षरं, त्यातली दोन पडलेली. साठीपुढचे एक काका मागचं दार लाकडी दांड्याने टेकवून आत गुळाच्या ढेपा रचत होते. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही सुमो का?" मी नाही म्हणालो, पण मग काय, ते सांगता येईना.

तेव्हापासून नाद लागला आहे. या प्रकारच्या गाड्या पुण्यात अजून कुठे बघायला मिळतील? आणि चालत्या दुचाकीवरून पटकन ओळखायची खूण काय? मालकाशी बोलायला गेलं तर वैतागतात का?

---

टेल्को_कॉलनी:

इस्टेटच ती, म्हणजे टाटांची स्टेशन वॅगन: छप्पर सरळ शेवटपर्यंत आणि डिकीऐवजी मागे दार. माझे वडील टेल्कोत होते (टाटा मोटर्स हे नाव २००३ चं, आमच्या घरात अजून टेल्कोच), तेव्हा या विषयावर मी सुरू झालो की आवरत नाही, आधीच सांगून ठेवतो.

१९८८ ला टाटामोबाइल पिकअप आला. त्याच्याच सांगाड्यावर १९९१ ला सिएरा आणि पाठोपाठ १९९२ ला इस्टेट. म्हणजे वरून मर्सिडीजचा थाट आणि खालून मालवाहू गाडी. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, ताकद सत्तर हॉर्सपॉवरसुद्धा नाही. एसी लावून चार माणसं घेऊन खंबाटकी चढायचा म्हणजे मागच्या एसटीचा हॉर्न ऐकत चढायचा. पण त्या काळात पॉवर विंडो असलेली देशी गाडी म्हणजे सोसायटीतली पोरं काच वरखाली करून बघायला यायची. सिएराचं नाव टाटांनी आता परत आणलं, इस्टेटचं कोणी नावही काढत नाही. मला विचाराल तर दोघींत देखणी इस्टेटच.

तो दांडा म्हणजे इस्टेटचा जवळजवळ कंपनी फिटिंगचा भाग समजा. मागचं दार अवजड, ते तोलून धरणारे गॅसचे शॉकअप काही वर्षांत बसतात आणि दार डोक्यात येतं. इंजिनाचं सामान मिळायला त्रास नाही, सुरुवातीच्या सुमोला हेच इंजिन होतं. अडतं ते बॉडीच्या सामानावर. मागचे दिवे, काचेचं रबर, ती अक्षरं. टेललॅम्प फुटला की माणूस नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालतो आणि शेवटी फायबरवाल्याकडून बनवून घेतो. म्हणून अख्खे मूळ दिवे असलेली इस्टेट दिसली तर थांबून नमस्कार करा.

आता ओळखायची खूण. गाडीकडे समोरून बघू नका, बाजूने बघा आणि छपराचे खांब मोजा. डिकीवाल्या गाडीला तीन: पुढच्या काचेचा, दोन दारांमधला आणि मागच्या दारानंतरचा. तिथे छप्पर संपतं. वॅगनला छप्पर तसंच सरळ मागे जातं, तिसऱ्या खांबानंतर आणखी एक लांब खिडकी आणि मग चौथा खांब. चार खांब सुमोलाही आहेत म्हणा, पण सुमो उभी असते, वॅगन पहुडलेली. उंची कारची, लांबी सामानाची.

आणि कव्हर घातलेली गाडी असेल तर आणखी सोपं. कव्हर मागच्या बाजूला पायरी करून खाली उतरत असेल तर डिकी आहे, सोडून द्या. छपरावरून थेट बंपरपर्यंत पडदा सोडल्यासारखं पडलं असेल तर जवळ जा. निगडी प्राधिकरणात बंगल्यांच्या पोर्चमध्ये मी अशा कितीतरी हेरल्यात. टेल्कोतून निवृत्त झालेली मंडळी तिकडे भरपूर, गाड्या जपणारी. रविवारी सकाळी गाडी धुवायच्या वेळेला गेलात तर कव्हरही काढलेलं असतं. बोलायचं म्हणाल तर "किती ॲव्हरेज देते?" हा प्रश्न सोडून काहीही विचारा. "विकणार का?" तर मुळीच नको.

बाकी नावं: इंडिगो मरीना (२००४) अजून रोज दिसते, लोक तिला इंडिकाच समजतात. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, त्यामुळे स्पीडब्रेकरवरून अशी डौलात जाते की आजच्या महागड्या गाड्यांनी शिकावं. बलेनो अल्टुरा फार कमी उरल्या. फियाटची वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग दिसली तर फोटो काढाच आणि इथे टाका. नंबर प्लेट झाकून.

---

नाना_भोरकर:

लेख झकास. पण देखणी वगैरे तुम्ही म्हणता. आमच्या आळीत डॉक्टरांनी इस्टेट घेतली तेव्हा लोक दारात येऊन विचारायचे, "कोण आजारी आहे?" लांब पांढरी गाडी आणि मागे दार, म्हणजे ॲम्ब्युलन्स नाहीतर त्याहून वाईट. १९९४ ला सुमो आली, दहा माणसं बसायला लागली, लग्नाचं वऱ्हाड निघालं, संपली इस्टेट. आपल्याकडे गाडीत सामान नाही, माणसं भरतात.

---

ब्रेमेनचा_बंड्या:

मी सध्या जर्मनीत, ब्रेमेनला. पुण्याच्या इस्टेटला मर्सिडीजची उपमा देतात, ती मूळ मर्सिडीज याच गावची. कंपनीची स्वतःची पहिली वॅगन १९७८ ला इथल्याच कारखान्यात सुरू झाली, तिच्यानंतरचं मॉडेलही इथलंच. १९९५ पासून त्याच मालिकेतली ई-क्लास पुण्यात टेल्कोच्या आवारात जोडली जायची, पण ती डिकीवाली.

इकडे वॅगनला कॉम्बी म्हणतात आणि कुणी आजारी आहे का विचारत नाहीत. तीस वर्षं झालेली, मूळ स्थितीत राखलेली गाडी असेल तर नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. त्यामुळे गाडी जुनी आहे का ते नंबर प्लेटवरूनच कळतं, मग खांब मोजले की पुरे. शनिवारी बांधकाम सामानाच्या दुकानाबाहेर उभा राहतो. चाळीस वर्षांची गाडी, आत सिमेंटची पोती, आणि मागची बाजू दबलेली नाही. मागच्या सस्पेन्शनमध्ये तेल आणि वायूची यंत्रणा आहे, वजन पडलं की ती गाडी पुन्हा समपातळीत आणते.

---

पेठेतला_पाहुणा:

सगळ्यांचे आभार. कव्हरची खूण लगेच लागू पडली! कर्वेनगरला एक मरीना सापडली, वॉचमनने मात्र चौकशी केली. नानांचं माणसं भरण्याचं पटतं. पण मरीना का टिकली नाही? ती तर दिसायला साधी कारच.

---

टेल्को_कॉलनी:

नाना, इस्टेट सुमोने खाल्ली हे मान्य. मरीनाचा मारेकरी वेगळा. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. अटी दोन: लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. मरीनाचं डिझेल १४०५ सीसी, म्हणजे इंजिन बसत होतं. लांबी बसत नव्हती, तीही वीतभराने. २००८ ला टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून सीएस (कॉम्पॅक्ट सेडान) काढली आणि ती धडाधड खपली. वॅगनची शेपटी छाटली तर उरते इंडिका, ती आधीच दुकानात होती.

वॉचमनचं म्हणाल तर त्याला सरळ सांगा, जुन्या गाड्या बघतोय. बहुतेक वेळा तोच पलीकडच्या इमारतीत अजून एक आहे म्हणून पत्ता देतो.