कंपनीच्या कारभारात नीती कशाला?

धुळेकर (मूळ मत): कंपनी म्हणजे आश्रम नव्हे. कायदा पाळा, कर भरा, भागधारकांना नफा द्या. कारभारात नीती आणली की धंदा बुडतो.

अमळनेरकर: दादा, सकाळी हे वाचलं, तेव्हापासून चैन नाही. हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत कागदावर काय कमी होतं? मालकांशी लागेबांधे नसलेले स्वतंत्र संचालक होते, नामांकित ऑडिटर होते, २००८ मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. त्याच वर्षी डिसेंबरात सत्यमचे संस्थापक राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या विकत घ्यायचा ठराव या संचालक मंडळाने मंजूर केला. भागधारक भडकले तेव्हा काही तासांत तो मागे घेतला. आणि ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच लिहून दिलं की ताळेबंदातली रोकड खोटी आहे. मंडळात शिकलेली माणसं कमी नव्हती, नाही म्हणणारा नव्हता.

आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या साध्या माणसांनी शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत. ताळेबंद वाचता येत होता म्हणून नव्हे, विश्वास होता म्हणून. धंदा बुडाला का?

धुळेकर: विप्रोचं नाव घेतलं की अमळनेरवाल्यांपुढे बोलायची सोय नाही! सत्यममध्ये कायदा मोडला गेला, आणि २०१५ मध्ये शिक्षाही कायद्यानेच दिली, नीतीने नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक कामासाठी नफ्याचे २ टक्के घातले. झालं काय? बाक बसवायचे, त्यावर नाव रंगवायचं, फोटो काढायचा. नीती कायद्यात घातली की तिची फाईल होते.

रावेरची शेतकरीण: तुमचे २ टक्के राहू द्या बाजूला. आमच्याकडच्या एका पतपेढीत काकांनी केळी विकल्याच्या तीन वर्षांच्या पट्ट्यांचे पैसे ठेवले होते, मुलीच्या लग्नासाठी. संचालकांनी आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटली. ऑडिट दरवर्षी व्हायचं, वार्षिक सभेत चहा-पोहे व्हायचे, अहवाल टाळ्यांत मंजूर. एक दिवस शटर बंद. काका वर्षभर एसटीने जाऊन बंद दारात उभे राहायचे, 'मना पैसा कव्हय भेटतीन?' एवढंच विचारायचे. लग्न शेवटी शेत गहाण टाकून केलं.

जळगावचा हिशोबनीस: ताई, वाईट झालं, पण पतपेढी ही कंपनी नाही. ती १९६० च्या सहकार कायद्याखाली येते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतपेढीच्या ठेवीला तो नसतो. जास्त व्याजाच्या मोहात लोक हे बघतच नाहीत.

रावेरची शेतकरीण: मोह? बँकेत फॉर्म भरता येत नाही म्हणून ओरडा खायचा, आणि पतपेढीतला पोरगा गावातला, घरी येऊन पैसे न्यायचा. त्याला मोह म्हणता? तुमच्यासारख्यांनीच त्या ऑडिटवर सह्या केल्या!

हिशोबनीस: माझी सही कुठेच नाही, हे आधी नीट समजून घ्या. उलट एका संस्थेत संचालकांच्या नातेवाइकांची कर्जं मी वेगळ्या पानावर दाखवली, तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला दिलं. ‘मोह’ हा शब्द मात्र चुकला, मागे घेतो.

अमळनेरकर: ताईंचं विषयांतर नाहीच हे. कंपनी असो की पतपेढी, दुसऱ्याचा पैसा हाताळणारा माणूस बंद खोलीत काय करतो, एवढाच प्रश्न आहे. आणि दादा, तुम्ही ज्या कंपनी कायद्याचा आधार घेता त्याचंच कलम १६६ वाचा. संचालकाने सद्भावनेने वागायचं, आणि भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज, पर्यावरण यांचंही हित बघायचं. सद्भावना कुठल्या रजिस्टरमध्ये तपासणार?

धुळेकर: कलम वाचलं. आहे तसं, ठीक. पण सद्भावना तपासता येत नाही म्हणूनच मी कायदा म्हणतो, हे तुम्ही अजून खोडलेलं नाही. हिशोबनीसांचं काम गेलं ते कुठल्या कलमाने थांबलं असतं, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. ‘धंदा बुडतो’ एवढे दोन शब्द काढतो. बाकी मत तेच.

रावेरची शेतकरीण: बाकीच्यावर रात्री बोलू. केळीच्या कांदेबागेची लागवड चालू आहे, मजूर थांबलेत.