खाडीखालून वायुवाहिनी नेताना बेंटोनाइट वर आले. नोंद कशी करावी?

प्रश्न:
गुहागर तालुक्यात वायुवाहिनीच्या कामावर मी पर्यावरण अधिकारी आहे. खाडीखालून एचडीडी (तळ न उकरता जमिनीखालून आडवे छिद्र पाडणे) चालू असताना काल ओहोटीला तिवरांच्या (कांदळवनातील झाडांच्या) कडेला चिखलातून बुडबुडे येऊ लागले आणि परातीएवढ्या जागेत राखाडी बेंटोनाइट (छिद्रात दाबाने सोडायचा चिकणमातीचा द्राव) पसरले. ठेकेदाराचे म्हणणे असे, की ही नुसती माती आहे, भरतीने धुऊन जाईल, आणि मंजुरीच्या अटींबद्दलच्या १ जूनच्या सहामाही अहवालात तिचा उल्लेख केल्यास उगाच चौकशी मागे लागेल. कांदळवनाला धक्का न लावण्याच्या अटीचा हा भंग धरावा काय?

उत्तर १:
बेंटोनाइट विषारी नाही, इतपत ठेकेदाराचे खरे आहे; परंतु तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात आणि त्यांच्यावर या चिकणमातीचा थर बसला की ती गुदमरतात. आपल्या जांभ्याला भेगा आणि पोकळ्या फार, त्यामुळे दाब थोडा वाढला तरी द्राव वाट काढतो. छिद्रातून परत येणारा द्राव कमी झाला की पंप तिथेच थांबवावा. पुढची भरती चढण्याआधी वाळूच्या गोण्या लावून फावड्या-घमेल्यांनी गाळ उचलावा, पोकलेन मात्र तिवरांत उतरवू नये. आम्ही एकदा अमावास्येच्या उधाणापूर्वी हे केले नाही. सकाळी कालवे काढायला आलेल्या बायकांना खडक राखाडी दिसले, आणि पुढे गावाने आमचे काही ऐकून घेतले नाही.

उत्तर २:
भंग झाला की नाही, हे ठरवणे तुमचे काम नव्हे. कांदळवन सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे किनारी नियमनाच्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात, मोडते आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव ठरला आहे, तेव्हा १ जूनची वाट न पाहता वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आजच लेखी कळवा. वेळ, अक्षांश-रेखांश, भरतीची घटका, पंपाचा दाब, उचललेली घमेली आणि गाळ कुठे नेला, एवढे लिहा. ‘किरकोळ’ हे विशेषण लिहू नका.

उत्तर ३:
बाहेर पडण्याच्या टोकाचा खड्डा भाताच्या खाचरात असेल तर तोही पाहा. जूनच्या पहिल्या सरीला तो भरून वाहिला, तर तीच माती बांध ओलांडून शेजारच्या रोपवाटिकेत जाईल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पत्र आज पाठवले. घमेली कोणी मोजली नव्हती. मुकादमाच्या अंदाजाने आकडा टाकण्याऐवजी ‘मोजमाप घेतले नाही’ असेच लिहिले आहे.