सुईने भागत नाही, आणि आधी थायरॉईड बघा
वर एका दादांनी लिहिलंय की तान्ह्या बाळाच्या जिभेच्या मुळाशी पाण्याची गाठ असेल तर सुईने पाणी ओढून घ्या, एवढ्याशा जिवाला भूल कशाला, हे काही पटलं नाही. श्वास कोंडला तर तात्पुरतं ठीक, पण गाठीच्या पिशवीचं अस्तर तिथंच राहतं नि गाठ बहुतेक परत भरते. माझ्या बहिणीच्या पोराला होती, यावलला. उताणं टाकलं की घरघर, कुशीवर घेतलं की शांत, अंगावर पिताना मध्येच सोडून द्यायचा, घरातल्या म्हाताऱ्या तर पडजीभ वाढली म्हणून बोट घालून उचलायला निघालेल्या (नशीब थांबवलं!)

इथे कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे गाठ काढायच्या ऑपरेशनआधी गळ्याची सोनोग्राफी करून थायरॉईड जागेवर आहे ना ते बघायचं. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळापासूनच मानेत उतरते, क्वचित वरच अडकते नि गाठच वाटते, बऱ्याचदा शरीरात तेवढीच थायरॉईड असते, ती काढली की जन्मभर थायरॉईडची गोळी. आमच्या पोराची जागेवर होती, मग जळगावला तोंडातूनच गाठ काढली, बाहेरून टाका नाही. फक्त भूल देणारे लहान बाळांचे अनुभवी हवेत, श्वासाची नळी टाकताना गाठच आडवी येते.