होळी हीच मोजपट्टी धरू नका

वर एकांनी लिहिलंय की पळस आता होळीच्या आधीच फुलून जातो, म्हणजे वसंत अलीकडे सरकला. सरकत असेलही, जपानमधल्या क्योटोत 2021 साली चेरीचा बहर 26 मार्चलाच आला, तोवरच्या बाराशेहून जास्त वर्षांच्या नोंदींत सगळ्यात लवकर. पण होळी स्वतःच एका जागी थांबत नाही ना! 2023 मध्ये होलिकादहन 6 मार्चला होतं, मध्ये अधिक श्रावण आला आणि 2024 मध्ये ते 24 मार्चला गेलं. झाड तिथंच, पंचांग अठरा दिवस पुढे.

म्हणून मी नागपूरच्या गोरेवाड्याकडच्या एका पळसाची पहिली कळी कॅलेंडरवर तारखेनिशी लिहितो. चारच वर्षं झाली, त्यावरून काही ठरवणार नाही. मला खरी धास्ती मोहाची वाटते. रामटेककडे माझ्या मामेसासूबाई पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचतात. फुलं अंगणात वाळत घातली आणि मार्चमध्ये अवकाळी आला, की ती काळी पडतात, आंबूस वास सुटतो. मागे एकदा अख्खी पाटी उकिरड्यावर टाकावी लागली. बहर वेळेवरच होता बाप्पा, पाऊस नव्हता.