देव कसा आहे हे कळलं, की घरातलं वागणं बदलतं का?

नगरकर: गेल्या महिन्यात नववीतल्या मुलीचं प्रगतिपुस्तक गादीखाली सापडलं. गणितात नापास. “पप्पा रागावतील म्हणून लपवलं,” एवढंच म्हणाली. रात्री बायबलमधला मत्तयाचा 25वा अध्याय वाचताना, धन्याने पैसे सांभाळायला दिलेल्या तीन दासांच्या गोष्टीत, तिसऱ्या दासापाशी अडकलो. त्याने पैसे उडवले नाहीत की चोरले नाहीत. धनी कठोर आहे असं धरून चालला, भ्याला आणि पैसे जमिनीत पुरून मोकळा झाला.

आमच्या घरी “देव बघतोय” हे फक्त धाक घालायला म्हणायचे. मीही तेच पुढे चालवलं. माझं स्पष्ट मत आहे: देव आपल्याला जसा वाटतो, तसेच आपण बाप होतो, सासू होतो, मालक होतो. बायबलमधलं स्तोत्र 103 देवाला ‘मंदक्रोध’, म्हणजे लवकर न रागावणारा, म्हणतं. लहानपणापासून पाठ आहे. घरात मात्र माझा पारा कायम चढलेला.

वसईकर: दादा, नाही पटत. हे देवाचे गुण बायबलमधल्या योना संदेष्ट्यालाही पाठ होते. देवाने त्याला निनवे नगरीला इशारा द्यायला पाठवलं, तर तो भलतीकडेच पळाला. चौथ्या अध्यायात तो देवाला तोंडावर सांगतो, तू कृपाळू आणि मंदक्रोध आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच तर तार्शीशला पळालो. निनवे नाशातून वाचली याचा त्याला संताप, आणि सावलीचं झाड वाळलं याचं दुःख! कळतं पण वळत नाही, ते असं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही आधी हात आखडता घेतो, जीभ आवरतो. अर्थ मागाहून उमगतो. मुलीपुढे आवाज चढायच्या आत खोलीबाहेर जायची सवय लावा.

दौंडची ताई: पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. बाप्तिस्मा 1883 साली. पण त्यांनीच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. पुढे 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं ‘मुक्ती’, निराधार बायका-मुलींचं आश्रयस्थान, त्यातूनच उभं राहिलं. देव टाकलेल्यांना जवळ घेतो, हे उमगल्यावरच माणूस इतकं करतो.

वसईकर: ताई, रमाबाईंची शारदा सदन ही संस्था 1889ची आहे. म्हणजे तुम्ही सांगता त्या उमजेच्या आधीच विधवा मुलींसाठी दार उघडलं होतं. शिवाय त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, त्या स्वतः उपाशी हिंडल्या. त्या भुकेचा वाटा नाही का?

दौंडची ताई: वाटा आहेच, आणि 1889चं मान्य. पण भूक सोसलेली सगळीच माणसं दुसऱ्याला वाढत नाहीत हो. काही जण डबा घट्ट लावून बसतात. आपल्याला कोणीतरी उचलून घेतलंय हे आत पटलं, तर तो डबा उघडतो. सवयीने आवाज खाली येईल, पण मुलीची भीती जाईल का?

नगरकर: योनाबद्दल वसईकरांचं बरोबर आहे, माझ्या बोलण्यात ती फट होती. पण त्याच अध्यायात देव कसा वागतो तेही पाहा. रुसून बसलेल्या त्या माणसाला हाकलत नाही. सावली देतो, वाद घालतो, प्रश्न विचारतो. पुस्तक त्या प्रश्नावरच थांबतं. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. आपल्या चिडक्या सेवकाशी इतक्या सबुरीने बोलणारा देव मला आजवर दिसलाच नव्हता. मी योनाचीच चूक शोधत बसायचो.

वसईकर: हे मानतो. मग मुलीला सांगितलंत का, “माझं चुकलं” म्हणून?

नगरकर: नाही अजून. आज उपासनेनंतर तिच्याजवळ बसतो. गणिताचं पुस्तकही घेतो सोबत.